नागपुरात कोणतं सिम घ्यावं? रेंज आणि वेग स्वतः मोजून ठरवण्याची पद्धत

नागपुरात नोकरीला, शिकायला किंवा बदलीवर आलेल्या माणसाचा पहिल्या आठवड्यातला एक प्रश्न ठरलेला असतो: इथे नेटवर्क कोणाचं चांगलं? अख्ख्या शहराला लागू पडेल असं एकच उत्तर या प्रश्नाला नाही. एकाच अपार्टमेंटमध्ये रस्त्याकडच्या फ्लॅटला एका कंपनीची रेंज भरपूर मिळते आणि मागच्या फ्लॅटला दुसरीची. म्हणून लोकांचं मत जरूर विचारा, पण निर्णय आकडे पाहून घ्या. जिथे झोपता, जिथे काम करता आणि ज्या रस्त्याने रोज जाता-येता, त्या तीन ठिकाणी मोजलं तरी निर्णयापुरती माहिती हाती येते. एक शनिवार-रविवार आणि मधल्या वारची एक संध्याकाळ एवढा वेळ त्याला पुरतो.

पायरी १ : कोणाकडे काय आहे ते समजून घ्या

नागपूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेल्या त्या विभागात, येतं. मुंबई वेगळं सर्कल आहे, त्यामुळे मुंबईच्या मित्राचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू होत नाही. कंपन्या चार : जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल.

चौघांच्या लहरी वेगळ्या आहेत आणि बरेचसे फरक तिथूनच येतात. लहरीची वारंवारता कमी असेल तर ती दूर जाते आणि भिंतीतून आत शिरते, पण तिच्यावर वेग कमी मिळतो. वारंवारता जास्त असेल तर वेग भरपूर मिळतो, पण दोन भिंतींतच ती दम तोडते. जिओकडे २जी-३जी नाहीच. त्यांचा ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतो, तर ५जी मुख्यतः ३३०० आणि ७०० वर. त्यांचा ५जी ४जीच्या आधाराशिवाय स्वतंत्र चालतो. एअरटेलचा ४जी मुख्यतः १८००, २१०० आणि २३०० वर आहे. ५जी ३३०० वर आहे आणि तो बहुतांशी ४जीचा हात धरून चालतो. व्हीआयचा ४जी ९००, १८०० आणि २१०० वर, काही ठिकाणी २५०० वरही आहे. बीएसएनएलचा स्वदेशी ४जी ७०० आणि २१०० वर आहे. त्याचं देशपातळीवरचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झालं.

५जीच्या बाबतीत नागपूर मागे राहिलेलं शहर नाही. एअरटेलने ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्या पहिल्या आठ शहरांत ५जी सुरू केला त्यांत दिल्ली-मुंबईच्या जोडीला नागपूरही होतं. व्हीआयचा ५जी मार्च २०२५ मध्ये मुंबईपासून सुरू झाला आणि पुढच्या टप्प्यांत नागपूरकडे आला.

पायरी २ : नकाशे पाहा, पण त्यावर थांबू नका

ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाइटवर तंत्रज्ञानानुसार कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. तुमचा चौक, तुमची गल्ली मोठी करून पाहा. नकाशा हा साधारण घराबाहेरच्या रेंजचा अंदाज असतो. तुमच्या बेडरूमच्या भिंती त्यात धरलेल्या नसतात. त्यामुळे नकाशात 'नाही' असेल तर ते खरं माना आणि 'आहे' असेल तर तपासून घ्या.

दुसरं काम म्हणजे दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर आजूबाजूचे टॉवर पाहणं. कोणत्या टॉवरवर कोणती कंपनी आणि कोणतं तंत्रज्ञान आहे ते तिथे कळतं. घरापासून टॉवर किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला आहेत ते कागदावर टिपून ठेवा. खिडकी कोणत्या बाजूची, या प्रश्नाला पुढे महत्त्व येतं.

पायरी ३ : आधी फोन तपासा

अर्ध्या तक्रारींचं मूळ फोनमध्येच सापडतं. स्वस्तातल्या काही ५जी फोनमध्ये एन२८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झचा ५जी बँड (लहरींचा पट्टा), नसतो. अशा फोनवर जिओचा ५जी बाहेर जोरात चालतो आणि घरात शिरताच ४जीवर उतरतो. बीएसएनएल घ्यायचं असेल तर ४जीचा बँड २८ आहे का ते पाहा. जुनं २जी-३जी सिम असेल तर ते बदलून ४जी सिम घ्यावं लागतं. बँडची यादी फोन बनवणाऱ्याच्या वेबसाइटवर मॉडेल क्रमांकानुसार मिळते. भारतासाठीचंच मॉडेल आहे ना, हे बघायला विसरू नका. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये बँड वेगळे असतात.

तुलना करताना सगळी सिम एकाच फोनमध्ये, त्याच स्लॉटमध्ये टाकून मोजा. वेगवेगळ्या फोनवरचे आकडे एकमेकांशी जोडले तर तुलना फोनची होते, नेटवर्कची नाही.

पायरी ४ : दांड्या सोडा, डीबीएम वाचा

वरच्या दांड्या प्रत्येक कंपनीचा फोन आपापल्या हिशेबाने दाखवतो. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'सिम स्टेटस' उघडलं की तो दिसतो. बऱ्याच फोनवर *#*#४६३६#*#* डायल केल्यावर सविस्तर पान उघडतं. सॅमसंगवर *#००११# चालतो आणि आयफोनवर *३००१#१२३४५#* लावून कॉलचं बटण दाबायचं. रोज मोजायला नेटमॉन्स्टरसारखं ॲप सोयीचं, कारण त्यात बँड, टॉवरचा क्रमांक आणि सिग्नल एकाच जागी दिसतात.

दोन आकडे पाहायचे. पहिला आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८० पेक्षा बरा असेल तर उत्तम. उणे ९५ पर्यंत काही चिंता नाही. उणे १०५ च्या आसपास व्हिडिओ अडखळू लागतो आणि उणे ११५ च्या पलीकडे कॉल तुटायला लागतात. दहा डीबीचा फरक म्हणजे ताकद दहा पट कमी. त्यामुळे उणे ९० आणि उणे १०० हे आकडे दिसायला जवळचे असले तरी प्रत्यक्षात फरक मोठा आहे.

दुसरा आकडा एसआयएनआर. तुमच्या टॉवरचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे ते हा सांगतो. २० च्या वर म्हणजे स्वच्छ, १० च्या आसपास कामचलाऊ आणि शून्याखाली गेला की दांड्या भरलेल्या असूनही नेट हलत नाही. मनीषनगर, बेसा किंवा वर्धा रोडवर दहाव्या-बाराव्या मजल्यावर घर घेणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. टॉवरचे अँटेना खाली झुकवलेले असतात, ते रस्त्यासाठी आणि खालच्या मजल्यांसाठी. उंचावरच्या बाल्कनीत लांबलांबच्या अनेक टॉवरचे सिग्नल एकदम येऊन आदळतात. ताकद भरपूर आणि वेग मात्र नाही, असं तिथे होतं. विक्रेता 'वर रेंज मस्त येते' म्हणतो तेव्हा त्याने दांड्याच पाहिलेल्या असतात.

मोजताना फोन एका जागी अर्धा मिनिट स्थिर ठेवा आणि आकडा ठरला की लिहा. चालता चालता वाचलेला आकडा विश्वासाचा नाही.

पायरी ५ : घरात चार जागा

बेड, कामाचं टेबल, स्वयंपाकघर आणि घराचा सगळ्यात आतला कोपरा, या चार जागी प्रत्येक सिमचा आरएसआरपी आणि एसआयएनआर लिहा. विटांची एक भिंत साधारण पाच-दहा डीबी खाते, काँक्रीटची त्याहून जास्त. नव्या बहुमजली स्कीममध्ये विटांऐवजी सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. महालातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात. दोन्हीकडे ३३०० मेगाहर्ट्झचा ५जी आतल्या खोलीत पोचणं कठीण असतं. हिंगणा-बुटीबोरीच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये काम असेल तर मोजणी शेडच्या आत, शटर लावून करा.

नागपुरात आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे कूलर. मार्चमध्ये खिडकीला पत्र्याचा कूलर चढतो आणि पावसाळ्यापर्यंत तिथेच राहतो. खोलीत सिग्नल मुख्यतः त्या खिडकीतूनच येत असेल, तर पत्र्याची टाकी आणि ओल्या ताट्या त्याच्या वाटेत उभ्या राहतात. हिवाळ्यात मोजून घेतलेलं सिम एप्रिलमध्ये बिघडल्यासारखं वाटतं, त्याचं कारण बरेचदा हेच असतं. घर हिवाळ्यात पाहत असाल तर कूलर कोणत्या खिडकीला बसणार ते विचारा आणि त्या खिडकीपासून दूर, दुसऱ्या भिंतीजवळही मोजून ठेवा.

उन्हाचा दुसरा परिणाम फोनवर होतो. पारा पंचेचाळिशीला पोचलेला असताना उन्हात उभं राहून वेग मोजला, तर फोन तापून स्वतःच ५जी सोडतो आणि वेग कमी करतो. मे महिन्यात मोजणी सकाळी किंवा दिवेलागणीनंतर करा. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनचे आकडे धरूच नका.

घरात ब्रॉडबँड असेल आणि अडचण फक्त कॉलची असेल, तर सिम बदलण्याआधी वाय-फाय कॉलिंग चालू करून पाहा. जिओ, एअरटेल आणि व्हीआयवर ते मिळतं. ऑनलाइन विकले जाणारे सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नका. खासगी माणसाने ते परवान्याशिवाय लावणं बेकायदा आहे, आणि त्यांच्यामुळे शेजारच्या दहा घरांचं नेटवर्क बिघडतं.

पायरी ६ : वेग मोजण्याची रीत

स्पीडटेस्टची ॲप जवळचा सर्व्हर आपोआप निवडतात. तो कंपनीच्याच जाळ्यातला, नागपुरातलाच असेल तर आकडा फुगून येतो, कारण खऱ्या वापरात तुमचा डेटा शहराबाहेर जातो. चारही सिमसाठी एकच सर्व्हर हाताने निवडा, मुंबईतला. नागपूर-मुंबई अंतर सातशे-आठशे किलोमीटर आहे. फायबरमधून तिथे जाऊन यायलाच सात-आठ मिलीसेकंद लागतात, त्यामुळे पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारे मिलीसेकंद) ३० ते ५० आला तर घाबरायचं कारण नाही. १०० च्या वर राहत असेल, किंवा एकदा ४० आणि पुढच्याच क्षणी २०० असा उड्या मारत असेल, तर व्हिडिओ कॉल आणि गेम त्रास देणार. जोडीला ट्रायचं मायस्पीड ॲपही वापरा. त्यातला निकाल ट्रायकडे पाठवता येतो.

प्रत्येक जागी तीन चाचण्या घ्या आणि मधला आकडा धरा. डाउनलोडबरोबर अपलोडही लिहा. घरून काम करणाऱ्याचं अडतं ते अपलोडवर. व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी तीन-चार एमबीपीएस पुरतात, पण ते सतत मिळावे लागतात. डाउनलोड २०० आणि अपलोड १ असं नेटवर्क मीटिंगच्या कामाचं नाही.

डेटा संपण्याकडे लक्ष ठेवा. ३०० एमबीपीएसवर दहा सेकंदांची एक चाचणी पावणेचारशे एमबी खाते. दीड जीबीचा दिवसाचा कोटा चार चाचण्यांत उडतो, मग वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि नवखा माणूस नेटवर्कला दोष देतो. शिवाय जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेलचा अमर्याद ५जी दिवसाला दोन जीबी आणि त्यावरच्या प्लॅनवरच मिळतो. एका सिमवर असा प्लॅन आणि दुसऱ्यावर छोटा, तर ती तुलना खरी नाही.

पायरी ७ : गर्दीच्या वेळी पुन्हा

सकाळी सात वाजता सगळीच नेटवर्क पळतात. खरी परीक्षा रात्री साडेआठ ते साडेदहा. सकाळी ८० आणि रात्री ६ एमबीपीएस मिळत असतील तर तो टॉवर भरलेला आहे. अशा वेळी सिग्नलचा आकडा दोन्ही वेळा सारखाच येतो. ताकद तीच आणि वेग पडलेला, ही गर्दीची खूण. ताकदच पडली असेल तर कारण दुसरं शोधा.

लाइट गेल्यावरही एकदा पाहून घ्या. त्या क्षणी वस्तीतले सगळे वाय-फाय बंद पडतात आणि घरोघरचे फोन मोबाइल डेटावर येतात. टॉवर बॅटरीवर जातो. मोठ्या टॉवरला पुढे जनरेटर असतो, पण खांबावरच्या आणि गच्चीवरच्या छोट्या साइटचा बॅकअप लवकर संपतो. वादळी पावसाच्या संध्याकाळी अर्धा-एक तास लाइट नसताना कोणतं सिम उभं राहतं, ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

वर्षातल्या काही दिवसांचे आकडे तुलनेत धरू नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात लाखोंची गर्दी असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक महाल-इतवारीतून जाते. जामठ्याला क्रिकेटचा सामना असतो, हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्स गजबजते. त्या दिवशी कोणतंही सिम धापा टाकतं. मात्र तुमचं काम किंवा दुकान अशाच भागात असेल, तर दुसरं सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा.

पायरी ८ : रोजचा रस्ता

नागपूर मेट्रोच्या दोन मार्गिका शहराला दक्षिण-उत्तर आणि पूर्व-पश्चिम कापतात : खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर. सीताबर्डीला त्या भेटतात. ॲपमध्ये लॉगिंग (आकड्यांची आपोआप नोंद) चालू ठेवून दोन्ही मार्गिकांवर एकेक फेरी केली की कोणतं सिम कुठे गळतं याचा ढोबळ आलेख मिळतो. पण लक्षात असू द्या, मार्ग बहुतांशी उंचावर आहे आणि डबा धातूचा. तिथला आकडा खालच्या रस्त्याचा नव्हे. दुचाकीने जात असाल तर तोच रस्ता खालून करा, फोन खिशात ठेवून, आणि आकडे घरी पोचल्यावर वाचा. या प्रवासात वेगापेक्षा कॉल महत्त्वाचा : एक लांब कॉल लावून ठेवा आणि आवाज कुठे तुटतो ते चौकाच्या नावाने टिपा.

पायरी ९ : ५जीचं चिन्ह आणि विमानतळाचा भाग

४जीच्या आधाराने चालणाऱ्या ५जीत एक फसगत होते. टॉवर ५जी देऊ शकतो एवढं कळलं तरी फोन वर ५जी लिहितो, प्रत्यक्ष जोडणी ४जीवरच असली तरी. ॲपमध्ये 'एनआर' (५जीचं तांत्रिक नाव) अशी वेगळी ओळ आणि तिच्यासमोर डीबीएमचा आकडा दिसला, तरच ५जी चालू आहे असं समजा. ५जी काठावर असेल आणि फोन सारखा ४जी-५जी करत असेल तर बॅटरी उतरते आणि नेट थांबून थांबून चालतं. अशा घरात सेटिंगमध्ये 'एलटीई', म्हणजे ४जी, निवडून ठेवलेलं बरं.

सोनेगाव, शिवणगाव, खापरी या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी एक खास बाब. विमानांच्या उंची मोजणाऱ्या रेडिओ यंत्रांना अडथळा होऊ नये म्हणून दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत ३.३ ते ३.६ गिगाहर्ट्झचे ५जी टॉवर लावायला मनाई केली. त्यामुळे या भागात घर घेताना ५जीच्या जाहिरातीवर जाऊ नका. आधी प्रत्येक सिमचा ४जी मोजा आणि तुमच्या फोनला ७०० चा ५जी चालतो का ते पाहा.

पायरी १० : सुधारणा खरंच आली का?

'लवकरच अपग्रेड होणार आहे' हे वाक्य कस्टमर केअरकडून वर्षभर ऐकायला मिळतं. खरं काय ते ॲप सांगतं. नेटमॉन्स्टरमध्ये ४जी टॉवरचा ईएनबी क्रमांक आणि त्यापुढे सेलचा, म्हणजे त्या टॉवरच्या एका बाजूच्या एका बँडचा, क्रमांक असतो. ॲपने दोन्ही मिळून झालेला एकच मोठा क्रमांक, ईसीआय, दाखवला तर त्याला २५६ ने भागा. समजा ईसीआय ४८२११४५८ आहे : भागाकार १८८३२६ हा टॉवर आणि बाकी २ हा सेल. घरी बसून आजचे क्रमांक आणि बँड लिहून ठेवा, दर महिन्याला पुन्हा पाहा. त्याच टॉवरवर नवा सेल आणि नवा बँड दिसला तर कंपनीने क्षमता वाढवली आहे. वेगळाच ईएनबी दिसू लागला आणि डीबीएम सुधारला तर जवळ नवा टॉवर लागला. दोन्ही नाही आणि रात्रीचा वेगही तोच, तर काहीही झालेलं नाही.

तक्रार करायची असेल तर १९८ वर करा आणि तक्रारीचा नोंद (डॉकेट) क्रमांक घ्या. 'नेट स्लो आहे' एवढंच सांगितलं तर फोन रीस्टार्ट करायला सांगून तक्रार बंद होते. पत्ता, मजला, वेळ, बँड, सेल क्रमांक, आरएसआरपी आणि वेग असं सगळं सांगा. दिलेल्या मुदतीत काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

पायरी ११ : पोर्ट करण्याआधी नवं सिम वापरून पाहा

चालू नंबर थेट पोर्ट करू नका. पोर्ट केल्यावर ९० दिवस पुढे हलता येत नाही. शेजाऱ्याचं किंवा सहकाऱ्याचं सिम तासभर मिळालं तर उत्तमच, नाहीतर २८ दिवसांच्या रिचार्जचं नवं सिम घेऊन वरच्या सगळ्या मोजण्या त्यावर करा. एका माणसाच्या नावावर नऊच कनेक्शन चालतात. आपल्या नावावर किती आहेत ते 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं, आणि अनोळखी नंबर सापडला तर तिथूनच कळवता येतो.

मन ठरलं की मेसेजमध्ये इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, एक जागा सोडून आपला दहा अंकी नंबर टाका आणि १९०० ला पाठवा. आठ अक्षर-अंकांचा कोड येतो आणि आपल्याकडे तो चार दिवस चालतो. कोड आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. महाराष्ट्र-गोवा सर्कलमधल्याच नंबरला तीन कामकाजाचे दिवस लागतात. मुंबईचा, मध्य प्रदेशचा किंवा दुसऱ्या कुठल्याही सर्कलचा नंबर असेल तर पाच. पोस्टपेडचं बिल बाकी असेल, नंबर कंपनीच्या नावावर असून तिचं संमतीपत्र नसेल किंवा गेल्या सात दिवसांत सिम हरवल्यामुळे वा खराब झाल्यामुळे बदललं असेल, तर अर्ज अडतो. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स आणि वैधता बुडते, म्हणून जुनं रिचार्ज संपत आल्यावरच कोड मागवा.

जुन्या सिमची रेंज गेली की नवं सिम टाका. मधले काही तास नंबर बंद राहू शकतो आणि बँकेचे ओटीपी यायला वेळ लागतो. घरभाड्याचा ऑनलाइन व्यवहार, परीक्षेचा फॉर्म, रेल्वेचं तिकीट अशी कामं त्याच्या आदल्या दिवशीच उरकून घ्या.